तेरावं पान

माझी पुतणी पुण्यात जाहिरातींची चित्रं काढते आणि उरल्या वेळात टॅरोचे पत्ते रंगवते. टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या भाऊबंदकीतले आणि २२ बड्या मानाचे. या बड्या पत्त्यांवर राजा, राणी, जादूगार, संन्यासी, सूर्य, चंद्र अशी मंडळी असतात. ही सगळी मंडळी आपल्या पुराणांतून आणायची, असं पुतणीनं ठरवलं. सूर्य-चंद्र घरचेच निघाले. जादूगाराच्या जागी मयासुर बसला. रथाच्या पत्त्याला कृष्णार्जुन तयारच होते. कोसळत्या मनोऱ्याच्या जागी तिनं लाक्षागृह पेटवून दिलं आणि ते फारच झकास पेटलं. काम अडलं ते तेराव्या पत्त्याशी. तेरावा पत्ता मृत्यूचा.

दिवाळीला ती पाटणला आली ती हा पत्ता कोरा घेऊनच. नमुन्यासाठी बरोबर विलायती संच होता. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला हा संच आज जगभर चालतो. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची, पण नाव झालं ते कल्पना देणाऱ्या वेटसाहेबांचं आणि प्रकाशक रायडरचं. बाईंच्या हाती पैसेही बेताचेच पडले. त्यातला मृत्यू म्हणजे काळं चिलखत घातलेला हाडांचा सापळा. पांढऱ्या घोड्यावर बसलेला, हातात काळा झेंडा, झेंड्यावर पांढरं गुलाब. घोड्याच्या पायाशी राजा उताणा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एका मुलीनं तोंड फिरवलंय आणि एक लहान पोर तेवढं टकामका त्याच्याकडे बघतंय. लांब क्षितिजावर दोन मनोऱ्यांच्या मधोमध सूर्य.

चित्र घरात हातोहात फिरलं. आमच्या थोरल्या चुलतीनं, म्हणजे नानीनं, चष्मा वर-खाली करून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्येला कुणी जेवाय घालत न्हाई का गं?"

टॅरो सांगणाऱ्यांची या पत्त्याबाबत एक ठरलेली तऱ्हा आहे. पत्ता निघाला, की समोरच्याचा चेहरा उतरायच्या आत ते घाईघाईनं सांगतात, "घाबरू नका हं, याचा अर्थ मरण नव्हे. जुनं संपेल, नवं सुरू होईल. नोकरी बदलेल, घर बदलेल." पुतणीनं हे समजावून सांगितल्यावर नानी म्हणाली, "मंग मढ्याचं चित्तर कशापायी काढलंय? बदलीचंच काढायचं की." पुतणीकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

खरं तर हे पत्ते मुळात भविष्याचे नाहीतच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळायला म्हणून निघाले. मिलानच्या सरदारांसाठी हातानं रंगवलेल्या एका जुन्या संचात मृत्यू धनुष्य घेऊन उभा आहे. पुढच्या फ्रेंच संचांत त्याच्या हाती गवत कापायचं लांब कोयतं आलं, आणि बाकी सगळ्या पत्त्यांवर नावं छापली तरी याच्यावर बहुतेकदा नावच घातलं नाही. भविष्य बघायची टूम निघाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये. तोवर लोक तेराव्या पत्त्यानं डाव जिंकत होते, हरत होते आणि रात्री सुखानं झोपत होते.

आपल्याकडेही पत्ते होतेच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल, लाखेची चकाकी असलेली १२० पानं. दहा अवतारांची दहा घराणी आणि प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करणार. रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्ण तो. इतका बारीक विचार केलेल्या या खेळात मृत्यूचं पान नाही. जत्रेतला पोपटवाला ज्योतिषी आठवतो. पोपट पिंजऱ्याबाहेर यायचा, ऐटीत रांगेवरून चालायचा, एक पाकीट चोचीनं ओढायचा आणि दाणा घेऊन परत आत जायचा. पाकिटातून गणपती निघे, मारुती निघे, फार तर शनी निघे. यम निघाल्याचं मी काही पाहिलं नाही. असं पाकीट एकाला दिलं तर दुसरं गिऱ्हाईक फिरकणार नाही, एवढा धंदा मालकाला कळत होता. आता कायद्यानं पोपट पाळायला बंदी आहे, त्यामुळे पोपट सुटला आणि भविष्य मोबाइलवर गेलं.

पण यमाचं चित्र घेऊन हिंडणारी माणसं या देशात होऊन गेलीत. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर फिरतो. कापडावर रंगवलेला यम दाखवायचा, गाणी म्हणायची आणि त्या निमित्तानं कुणाच्या घरात कोण लपलंय ते बघून यायचं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त तर हे दृश्य भर बाजारात आहे. वडील शेवटच्या दुखण्यात आहेत म्हणून हर्ष घाईनं परत येतोय आणि रस्त्यात एक यमपटवाला उभा आहे. डाव्या हातात काठीवर ताणलेला पट, त्यावर रेड्यावरचा यम, उजव्या हातात बोरू, आणि भोवती पोरांचा गराडा. परलोकात काय काय होतं ते तो पोरांना रंगवून सांगतोय. राजपुत्राच्या छातीत धस्स होतं. पोरांची मात्र करमणूक चाललीय. विलायती पत्त्यावरचं ते टकामका बघणारं पोर मला या गर्दीतलंच वाटतं.

तेव्हा पुतणीला म्हटलं, मृत्यूचा पत्ता आपल्याला परका नाही. फक्त उमेदवार ठरव.

पहिला उमेदवार अर्थातच यम. आणि यम म्हटलं की रेडा. घोडे तिनं पुष्कळ काढले होते. रेडा कधी काढला नव्हता. म्हणून आम्ही नदीवर गेलो. पाटणला कोयनेला केरा येऊन मिळते. त्या अंगाला पाण्यात एक रेडा बसलेला होता. वर दिसत होती फक्त शिंगं, डोळे आणि नाकपुड्या. बराच वेळ तो हलला नाही. मग उठला, तेव्हा आधी पाठ वर आली, मग पाणी निथळलं, मग चारी पायांचा एकेक विचार करत तो काठावर आला. पाठीवरचा चिखल उन्हात वाळून राखाडी झाला आणि त्याला बारीक भेगा पडल्या. पापण्यांचे केस लांब, ओले. नजरेत राग नाही, लोभ नाही, घाई तर अजिबातच नाही. पुतणी भराभर पेन्सिल चालवत होती आणि रेडा रवंथ करत होता. घरी आल्यावर नानी म्हणाली, "घोडा उधळतो. रेडा दमानं येतो. वाटंत डबकं लागलं तर बसतो बी." मृत्यूच्या वाहनाची यापेक्षा चांगली निवड कुणी करील असं वाटत नाही.

यमाला वाहन लागतंही. तो सूर्याचा मुलगा. सूर्याचं तेज सोसेना म्हणून त्याची आई संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. छाया सावत्रपणा करू लागली, तेव्हा यमानं रागानं तिच्यावर पाय उगारला आणि तिनं शाप दिला, की हा पाय गळून पडो. सूर्यानं मध्ये पडून शाप सौम्य केला. म्हणजे आई घर सोडून गेलेली, सावत्र आईचा शाप, पायाला कायमचं दुखणं, आणि घरात शनी नावाचा भाऊ. एवढं सगळं सोसून मुलगा कायद्याच्या खात्यात लागला आणि ‘धर्मराज’ म्हणवून घेऊ लागला. एखाद्यानं त्याचं कौतुक करायला हवं होतं. आपण त्याला कॅलेंडरवर मिशा आणि लाल डोळे दिले.

या खात्याचा विषय निघाला तेव्हा आमच्या आळीतले तात्या आले. तात्यांची सगळी नोकरी तलाठी म्हणून याच तालुक्यात गेली. चित्रगुप्ताबद्दल त्यांना आतून कळवळा आहे. त्यांच्या मते चित्रगुप्त म्हणजे वरच्या सजाचा तलाठी: नोंद त्यानं करायची, फेरफार त्यानं ओढायचा आणि लोकांच्या शिव्याही त्यानंच खायच्या, साहेब मोकळा. मी त्यांना मांडव्य ऋषींची गोष्ट सांगितली. चोरांनी माल आणून ऋषींच्या आश्रमात टाकला, ऋषी मौनात होते, राजानं त्यांना सुळावर चढवलं. पुढे ऋषींनी धर्माला गाठून जाब विचारला, की माझ्या हातून असं घडलं तरी काय? उत्तर मिळालं, लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती. ऋषी भडकले. एवढ्याशा पोरपणाला एवढी शिक्षा? त्यांनी यमालाच शाप दिला आणि त्याला दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्म घ्यावा लागला. शिवाय चौदा वर्षांच्या आतलं पाप धरायचं नाही, असा दंडक ऋषींनी घालून दिला. तात्या खूश झाले. म्हणाले, "म्हणजे अपील मंजूर, साहेबाची बदली आणि वर शासन निर्णय. हे चित्र काढ पोरी. प्रत्येक कचेरीत लावू."

दुसरी उमेदवार मला स्वतःला फार आवडते. ती महाभारतात आहे आणि तिला फारसं कुणी ओळखत नाही. अभिमन्यू पडल्यावर युधिष्ठिर शोकानं मोडून गेला, तेव्हा व्यासांनी त्याला सांगितलेली ही गोष्ट. सृष्टीत मरण नव्हतं. जिवांची गर्दी झाली, पृथ्वीला भार सोसेना. तेव्हा ब्रह्मदेवाच्या देहातून एक लाल वस्त्रातली स्त्री निघाली. तिचं नाव मृत्यू. ब्रह्मदेवानं सांगितलं, जा, यांना मारत जा. ती रडायला लागली. लोकांची लेकरं, भाऊ, आईबाप मी कसे नेऊ, मला हे काम नको, म्हणाली. काम टाळण्यासाठी तिनं वर्षानुवर्षं तप केलं. ब्रह्मदेवानं तिचे अश्रू जमिनीवर पडू दिले नाहीत, ओंजळीत धरले. पुढे त्याच अश्रूंचे रोग झाले आणि माणसं रोगांनी मरू लागली. तिच्यावर दोष आला नाही. जगातल्या पहिल्या मरणाआधी खुद्द मृत्यूच रडून घेते, ही कल्पना ज्याला सुचली त्यानं घरातलं माणूस गेलेलं जवळून पाहिलं असणार. पुतणीनं तिचं चित्र काढलं. सुंदर झालं. पण ते बघून नानी म्हणाली, "हिला बघून मला रडू याया लागलं. पत्ता निघाला की रडत बसायचं का?" उमेदवारी मागे पडली.

काली, चामुंडा, काळभैरव यांचा विचार झाला आणि लगेच सोडला. तो दरारा पत्त्यात बसवण्याजोगा नव्हे. मग मी पुतणीला वीरगळ दाखवले. साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत देवळाबाहेर, पिंपळाच्या पारावर हे दगड उभे असतात. शेंदूर लागलेले, कडेला झिजलेले. ते खालून वर वाचायचे. तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वरच्या चौकटीत त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. ना सापळा, ना कोयतं. मरण ही तळची एक चौकट आहे आणि गोष्ट अजून वर जायची आहे. हे टॅरोवाल्यांच्या ‘जुनं संपून नवं सुरू’ याच्या फार जवळचं आहे, फरक एवढाच, की पाथरवटानं पडलेला माणूस लपवला नाही. आधी तो दाखवला, मग वर नेला.

तोवर धनत्रयोदशी आली. संध्याकाळी नानीनं कणकेचा दिवा केला, त्यात तेल घातलं आणि दाराबाहेर दक्षिणेला तोंड करून ठेवला. एरवी दक्षिणेकडे दिव्याचं तोंड केलं तर ती कावते. या दिवशी ते यमासाठी असतं. तेराव्या तिथीला यमाचा दिवा, हे पुतणीच्या तेव्हा ध्यानात आलं. मी म्हटलं, एवढ्यावर थांबू नकोस. माणूस गेल्यावर आपण किती दिवस मोजतो? तेराव्याला सुतक सरून गेलेलं असतं, सोयरेधायरे येतात, टॉवेल-टोपीचा आहेर होतो, पंगत बसते आणि पानात गोड वाढलं जातं. ते गोड घशाखाली उतरत नाही, तरी खावं लागतं. विलायतेत तेरा आकड्याला मृत्यू येतो. आपल्याकडे तेराव्याला माणसं परत कामाला लागतात. आणि भाऊबीज तर यमाचीच. त्या दिवशी तो बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला होता म्हणून ती यमद्वितीया. नानीच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर पुराणांनी देऊन ठेवलेलं आहे: त्याला बहीण जेवायला घालते.

हे सगळं बोलत असताना माझ्या लक्षात आलं, की आपल्या कुठल्याच गोष्टीत यम एकटा नाही. त्याच्याशी सारखं कुणीतरी बोलतंय. नचिकेता त्याच्या दारात तीन रात्री उपाशी बसला, तर घरी परतल्यावर यमच ओशाळला आणि अतिथीला उपाशी ठेवल्याबद्दल तीन वर देऊन बसला. पोरानं मरणानंतरचं विचारलं तेव्हा यमानं हत्ती, घोडे, सोनं, नातवंडं, काय वाटेल ते देऊ केलं. पोर हटलं नाही. मांडव्यानं जाब विचारला. नदीवरच्या दहाव्याला आपण तेच करतो. पिंड ठेवलेला असतो, शेजारी म्हाताऱ्याच्या आवडीची भजी, कपभर चहा, पेटवलेली बिडीसुद्धा. कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होतो. "आण्णा, धाकटीचं लगीन मी करतो." कावळा फांदीवरच. "वाटणीवरनं भांडणार न्हाई." मागून कुणीतरी म्हणतं, "विहिरीचं बोल, विहिरीचं." विहिरीचं बोलल्यावर कावळा खाली येतो. गेलेल्या माणसाशीही आमची बोलणी चालूच असतात, आणि जिवंतपणी न झालेली तडजोड तिथं होते.

सगळ्याच वेळी अशी मुभा मिळत नाही, हेही याच तालुक्याला ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. लोक झोपेत होते. कोयनानगर आणि भोवतालच्या गावांत भिंती अंगावर आल्या आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तो रेडा दमानं आला नव्हता. नानी त्यावर फार बोलत नाही. एवढंच म्हणाली, "त्या रात्री कुणी कुणाला काय ईचारलं न्हाई." बोलणं मागून झालं, आणि अजून चाललंय. इकडे वयस्कर माणसांच्या तोंडी कुणाचं लग्न भूकंपाच्या आदल्या वर्षीचं असतं, कुणाचा थोरला भूकंपानंतरचा. जमीन अधूनमधून थोडी हलते, भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, एकमेकांना हाका मारतात आणि परत आत जाऊन चहा टाकतात. ज्या मरणाशी वेळेवर बोलता आलं नाही, त्याला लोकांनी मागाहून आपल्या हिशेबात ओढून घेतलं.

पुतणीनं अखेर सावित्री निवडली. मला आधी वाटलं, ही फारच गुळगुळीत झालेली निवड. वटपौर्णिमेच्या पाकिटावरची सावित्री! पण तिनं मूळ गोष्ट नीट वाचली होती. सत्यवान गुणी म्हणून यम त्याला न्यायला दूत न पाठवता स्वतः आला. त्यानं अंगठ्याएवढा जीव पाशात बांधून घेतला आणि दक्षिणेला निघाला. सावित्री मागोमाग चालू लागली. ती रडली नाही, पायाही पडली नाही. सज्जनाबरोबर सात पावलं चाललं की मैत्री होते, तेव्हा मित्र म्हणून चार शब्द बोलते, म्हणाली. आणि बोलत राहिली. तिचं बोलणं यमाला आवडलं. एरवी त्याच्यापुढे किंकाळ्याच व्हायच्या. शहाणं बोलणं त्यानं कितीशा वेळा ऐकलं असेल! तो दरवेळी ‘आता परत फिर’ म्हणत गेला आणि दरवेळी एकेक वर देत गेला. सासऱ्याची दृष्टी आली, राज्य आलं, बापाला मुलगे झाले, तिला स्वतःला मुलगे द्यायचं कबूल झालं, आणि मग नवरा सोडल्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही.

पुतणीच्या पत्त्यावर नदीकाठचा तोच राखाडी चिखलाचा रेडा आहे. त्यावर लाल वस्त्रातला यम, एक पाय जरा आखडलेला. खाली बाई चालतेय, एक हात वर, वाक्य अर्धवट. आणि यमानं मान वळवलीय. सगळा पत्ता त्या वळलेल्या मानेत आहे. तो बाईला सोडणार की नाही ते चित्रात कळत नाही; तो ऐकतोय, एवढं कळतं. मरण येणार नाही असं खोटं आश्वासन या पत्त्यात नाही. ते रस्त्याला लागलेलंच आहे. पण त्याच्याशी बोलायची सोय आपल्या लोकांनी फार पूर्वी करून ठेवली आहे, आणि ती वापरायला जीभ लागते, पोपट लागत नाही.

एक अडचण उरली. टॅरोत पत्ता उलटा पडला तर त्याचा अर्थ वेगळा धरतात, तेव्हा या पत्त्याचा उलटा अर्थ काय लिहायचा? तात्यांनी पत्ता हातात घेतला, उलटा केला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "रेडा वर, यम खाली. पाय आधीच अधू. आता यालाच कुणीतरी उठवाय पाहिजे."

"ती बाई हाय की तिथं," नानी म्हणाली, "उठवंल त्येला. पण आधी बोलंल."